नागपूरहून गोटुलाच्या गावी

नागपूरकराला शहराचा इतिहास विचारला की गोष्ट बहुतेक वेळा भोसल्यांपासून सुरू होते. शहर वसवलं मात्र एका गोंड राजाने. देवगडच्या बख्त बुलंद शाहने 1702 च्या सुमारास 'राजापूर बारसा' म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून नागपूरचा पाया घातला. पुढे भोसले आले, इंग्रज आले, राजधानी झाली, राजधानी गेली. या सगळ्या गलबल्यात ज्यांच्या राजाने हे शहर उभं केलं, ती माणसं शहराच्या नजरेआड होत गेली. त्यांच्यापैकीच माडिया गोंड आजही नागपूरच्या आग्नेयेला, साधारण साडेतीनशे किलोमीटरवर, गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांत राहतात. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम गटांत धरलं आहे, त्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. यांतल्या माडियांच्या मुलखात जायला नागपूरहून एक सकाळ आणि एक दुपार पुरते.

रस्ते दोन. एक चंद्रपूर, बल्लारपूरवरून आष्टीला जातो. दुसरा उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा झाडीपट्टीच्या धानबांध्यांमधून निघतो आणि वैनगंगा ओलांडून आरमोरीमार्गे गडचिरोलीला पोचतो. वेळ असेल त्याने दुसरा धरावा. दिवाळीनंतर या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम असतो. वडसा गावात नाटक मंडळ्यांची कार्यालयं ओळीने दिसतात आणि गावोगावच्या मांडवांत रात्रभर नाटकं चालतात. गडचिरोलीच्या पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. इथून शेतं मागे पडतात आणि जंगल दोन्ही अंगांनी रस्त्याला भिडतं.

हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगल. आलापल्लीचं सागवान इंग्रजांच्या काळापासून नावाजलेलं आहे, आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 साली लाकूड गेलं तेही याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलं. भामरागडच्या वाटेवर 'वनवैभव' नावाचा जंगलाचा एक लहानसा तुकडा राखून ठेवलेला आहे. सहा हेक्टरांच्या आसपासच्या या जागेला 2014 साली राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. तिथले साग इतके सरळ आणि उंच आहेत की शेंडा पाहायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. गाडी दहा मिनिटं तरी थांबवावीच.

पेरमिली आणि ताडगाव मागे टाकलं की हेमलकसा येतं आणि लगेच भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या इथे एकत्र येतात. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. वर्षानुवर्षं पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की तालुक्याचं गाव जगापासून तुटायचं. त्याची बातमी नागपूरच्या वर्तमानपत्रांत दर जुलै-ऑगस्टमध्ये ठरलेली असायची.

हेमलकसा मराठी वाचकाला नवं नाही. बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. 2008 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वीज नसलेल्या झोपडीत झालेल्या शस्त्रक्रिया, 1976 साली सुरू झालेली निवासी शाळा, अनाथ वन्यजीवांचा सांभाळ हे सगळं पुस्तकांतून आणि सिनेमातून घरोघरी पोचलं आहे. त्यामुळे नागपूर-पुण्याच्या गाड्या इथवर येतात, दवाखाना आणि प्राणी पाहतात, संगमावर फोटो काढतात आणि परततात. प्रकल्पाचं मोठेपण निर्विवाद आहे. पण ज्यांच्यासाठी तो उभा राहिला, ते माडिया या सहलींमध्ये पार्श्वभूमीला राहतात. खरा प्रवास सुरू होतो तो हेमलकशाच्या पुढच्या कच्च्या वाटेवर.

माडियांचं गाव एकदम दिसत नाही. घरं एकमेकांपासून सुटी, झाडांच्या आडोशाने वसलेली. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, त्यांवर मातीचा लेप, वर कौल किंवा गवत. अंगण शेणाने सारवलेलं, भोवती बांबूचं कुंपण, बाजूला डुकरांचा आणि कोंबड्यांचा वावर. घराच्या आढ्याला मासे पकडायचे बांबूचे सापळे टांगलेले, कोपऱ्यात मोहफुलांनी भरलेल्या टोपल्या. पाहुणा आला की 'जोहार' म्हणून स्वागत होतं आणि बाज पुढे सरकवली जाते. बोलणं हळू, हातवारे कमी. गप्पांना घाई नाही. प्रश्नाचं उत्तर कधी कधी एक विडी संपल्यावर मिळतं.

गावात एक घर सगळ्यांचं असतं. ते गोटुल. जाड लाकडी खांब, वर छप्पर, बाजू बऱ्याचशा उघड्या, पुढे नाचायला पुरेल एवढं मोकळं अंगण. गावाची बैठक इथे, तंटा इथे, सणाची ठरवाठरव इथे, परगावच्या पाहुण्याचा मुक्कामही इथे. ढोल भिंतीला टांगलेले असतात. सणाच्या रात्री 'रेला'ची धून धरून मुलं-मुली हातात हात गुंफून गोल धरतात, आणि तो गोल पहाटेपर्यंत सुटत नाही.

या घराची जगभर बदनामी झाली, आणि ती करण्यात शिकलेल्या माणसांचाच हात होता. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांच्या घोटुलवर 1947 साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा हेतू सहानुभूतीचा होता, पण वाचकांनी त्यातलं तरुण मुलामुलींच्या संबंधांचं वर्णन तेवढं उचललं. त्यानंतर कित्येक दशकं नियतकालिकांनी आणि पर्यटकांनी गोटुल म्हटलं की एकच चित्र रंगवलं. त्याच्या नऊ वर्षं आधी, 1938 साली, डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन या अधिकाऱ्याने बस्तरच्या माडियांवरच्या आपल्या पुस्तकात माडियांचं गोटुल मुरियांपेक्षा वेगळं असल्याचं नोंदवलं होतं: माडियांकडे ते मुख्यतः मुलग्यांचं, पाहुण्यांचं आणि गावाच्या बैठकीचं घर. ती नोंद कोणाला फारशी आठवत नाही.

हुबेहूब असाच प्रकार प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांच्या वाट्याला आला. मार्गारेट मीड या तरुण अमेरिकन अभ्यासिकेने 1928 साली तिथल्या किशोरवयीन मुलींवर पुस्तक लिहिलं आणि सामोआ म्हणजे निर्बंध नसलेल्या प्रेमाचं बेट, अशी समजूत पश्चिमेत रुजली. 1983 साली डेरेक फ्रीमन यांनी त्या पुस्तकावर कठोर टीका केली आणि मानवशास्त्रात वर्षानुवर्षं चाललेला वाद पेटला. सामोआचे लोक मात्र आपल्याला असं रंगवलं जाणं कधीच मान्य करत नव्हते. त्यांच्या गावात भिंती नसलेलं, नुसत्या खांबांवर उभं असलेलं एक मोठं गोल घर असतं. कुटुंबप्रमुख, म्हणजे 'मताई', तिथे सभेला बसतात तेव्हा कोणी कोणत्या खांबाला टेकून बसायचं हेही ठरलेलं असतं. या बेटांपैकी 1 जानेवारी 1962 रोजी स्वतंत्र झालेल्या दोन लाख वस्तीच्या देशात आजही सुमारे ऐंशी टक्के जमीन कुळांच्या सामाईक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. पुरुषांनी कंबरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदवून घेणं हा तिथे अभिमानाचा विषय आहे. इकडे भामरागडच्या म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, दंडावर गोंदण दिसतं. मेल्यावर सगळे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या सांगतात. दोन्ही ठिकाणी बाहेरच्यांनी देहाकडे पाहिलं आणि सभेकडे दुर्लक्ष केलं. गोटुलाच्या त्या सभेमुळेच गडचिरोलीत पुढे कायद्याच्या बळावर मोठी गोष्ट घडली. तिच्याकडे यायला आधी जंगलातून जायला हवं.

मार्चच्या शेवटी भामरागडला गेलेल्या माणसाने पहाटे साडेचारला उठावं. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. आदल्या दिवशीच झाडाखालचा पाचोळा झाडून जमीन मोकळी केलेली असते. अंधार फिका होत असताना बायका, पोरं, म्हातारी माणसं टोपल्या घेऊन आपापल्या झाडाकडे जातात. झाड सरकारी जंगलात असलं तरी कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावाला ठाऊक असतं. फुलं पिवळसर पांढरी, गुबगुबीत, आतून रसाळ. बोटांना चिकटतात आणि त्यांचा गोड, आंबूस वास कपड्यांतून दिवसभर जात नाही. माणसं वाकून दोन्ही हातांनी वेचतात. टप् टप् आवाज करत वरून आणखी फुलं पडतच असतात, डोक्यावर, पाठीवर, टोपलीत. सूर्य चढला की गळणं थांबतं. अस्वलालाही ही फुलं प्रिय, त्यामुळे कोणी एकटं जात नाही. घरी आणून ती अंगणात पसरतात. दोन-तीन दिवसांत ती सुकून मनुक्यांसारखी तपकिरी होतात आणि मग वर्षभर टिकतात.

शहरी माणसाला मोह म्हटलं की दारू आठवते. दारू गाळली जाते, देवाला आणि पितरांना तिचा थेंब दिल्याशिवाय विधी पुरा होत नाही. पण वाईट वर्षी याच सुक्या फुलांनी घरं जगवली आहेत. फुलं भाजून, उकडून, पिठात मिसळून खातात, गुरांना घालतात, बाजारात विकतात. उन्हाळ्याच्या शेवटी फळं येतात आणि त्यांच्या बियांचं तेल निघतं. ही फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर राज्य सरकारचे निर्बंध होते, ते 2021 साली उठले. इतकी वर्षं एका समाजाच्या अन्नाकडे केवळ दारूचा कच्चा माल म्हणून पाहिलं गेलं, हे सरकारी दृष्टीचं अपयशच म्हणावं लागेल.

मोहानंतर मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. पंधरा-वीस दिवसांत वर्षाची रोकड उभी करायची असते. पहाटे पानं तोडायची, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक मानक गोणी. सगळं घर कामाला लागतं, परगावी शिकणारी मुलंसुद्धा परत येतात. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, आणि वारुळांवर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळंबी, मिळतात. नद्यांमध्ये मासे. शेतात धान आणि उताराच्या जमिनीवर कोसरी हे भरडधान्य. उन्हाळ्यात आंबील पिऊन माणसं दुपार काढतात. लाल मुंग्यांची पानांत शिवलेली घरटी उतरवून त्यांची मिरची-मीठ घालून चटणी वाटतात. तिचा आंबटपणा चिंचेहून धारदार. भामरागडच्या जंगलात गोरगा नावाचा माड आहे. त्याचा रस सकाळी उतरवून पितात, ताजा असेपर्यंत तो गोड लागतो.

या सगळ्या खाण्यावर एक शिस्त आहे. नवा आंबा, नवा मोह, नवं धान्य हाती आलं म्हणून कोणी तोंडात टाकत नाही. त्या त्या वस्तूचा 'पंडुम' आधी व्हावा लागतो: गावाचा पेरमा म्हणजे पुजारी ती वस्तू देवाला वाहतो, गाव एकत्र जेवतं, मग घरोघरी खाणं सुरू. पेरणीआधी विज्जा पंडुमात बियाणं पुजलं जातं. आंबा पिकण्याआधी ओरबाडला जात नाही, कारण गावाचा दिवस ठरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वनखात्याच्या कोणत्याही पाटीपेक्षा हा नियम जास्त पाळला जातो.

लग्नाचेही नियम असेच काटेकोर. गोंडांमध्ये कुळं देवांच्या संख्येनुसार गटांत विभागलेली असतात: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एका गटातली माणसं एकमेकांची भावंडं, त्यांच्यात सोयरीक होत नाही. माडिया माणूस अनोळखी गावात गेला की आडनावावरून दोन वाक्यांत समोरच्याशी असलेलं नातं काढतो, आणि मग थट्टा करायची की अदबीने बोलायचं हे ठरतं.

रस्त्याच्या कडेला उभे दगड दिसतात. काही गुडघ्याएवढे, काही माणसाच्या उंचीचे, काही नवे, काही शेवाळलेले. हे मृतांचे दगड. माणूस गेल्यावर त्याच्या नावाने दगड आणून उभा करायचा, त्याला जेवण द्यायचं, सणाला आठवण ठेवायची, ही रीत इथे आजही चालू आहे. नागपूरकराला याचं विशेष वाटायला हवं, कारण त्याच्या घराजवळ, काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला, सुमारे तीनशे शिळावर्तुळं पसरलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात राहणाऱ्यांनी मृतांसाठी रचलेली ही दगडी रिंगणं. जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे उत्खनन केलं, 1961-62 मध्ये पुन्हा झालं. त्याच्याही आधी नागपुरात राहून गोंडांच्या कथा-गीतांची नोंद करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 साली टाकळघाटच्या अशाच वर्तुळांच्या पाहणीला गेले होते. परतताना पुराच्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या टिपणांचं पुस्तक 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केलं. गोंडांच्या लिंगो देवाची कथा त्यातूनच पहिल्यांदा छापून आली. वर्तुळं रचणारे आणि आजचे माडिया एकच, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. पण विदर्भात मृताला दगडाने स्मरण्याची रीत किती जुनी आहे आणि ती कुठे अजून जिवंत आहे, हे दोन्ही एका दिवसाच्या अंतरावर पाहायला मिळतं. जुनापाणीला काचेचा चुरा आणि कचरा पडलेला असतो, भामरागडच्या दगडांपुढे फुलं असतात. नागपूरने यावर विचार करावा.

सगळंच गोडवे गाण्यासारखं नाही. गावाच्या कडेला एक ठेंगणी, अंधारी झोपडी असते, ती कुर्माघर. मासिक पाळीतल्या बायकांनी ते दिवस इथे काढायचे. पावसात गळणारं छप्पर, साप-विंचवाची भीती, आजारी पडलं तरी बाहेर यायचं नाही. काही संस्थांनी आता पंखा, पलंग, न्हाणी असलेली पक्की कुर्माघरं बांधली आहेत. काही बाया म्हणतात, तेवढेच दिवस कामातून सुटका. काही शिकलेल्या मुली म्हणतात, घरच चांगलं करण्यापेक्षा रीत बंद करा. हा वाद माडिया बायकांमध्येच चालू आहे आणि तो त्यांनीच निकालात काढावा. पण आजारी बाईला तिथे ठेवणं घातक आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. मलेरियाचा त्रास या जिल्ह्यात मोठा. सिकलसेलही आहे.

आरोग्याच्या बाबतीत गडचिरोलीने जगाला शिकवलं ते वेगळंच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठी इमारत नको, आमच्या गावासारखी घरं हवीत, नातेवाईक सोबत राहू द्या, असं उत्तर आलं. संस्थेच्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना तसाच बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. गावातल्या बाईला शिकवून घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांपर्यंत पोचली.

आता त्या सभेकडे. भामरागडहून परतताना गडचिरोलीवरून वाकडी वाट करून धानोऱ्याच्या रस्त्याने तीसेक किलोमीटर गेलं की मेंढा लागतं. लेखा या शेजारच्या गावाशी जोडून सगळे 'मेंढा-लेखा' म्हणतात. वस्ती जेमतेम पाचशेची, सगळे गोंड. 1980 च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवरच्या भोपालपट्टणम-इचमपल्ली धरणांनी हा सारा मुलूख बुडणार होता. 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन उभं राहिलं, धरणं बारगळली. त्या लढ्यातून मेंढ्याच्या लोकांना आपल्या सभेचं बळ कळलं. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे नेते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती यांनी एक पद्धत घडवली: निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. विषय अवघड असेल तर आधी अभ्यास गट बसतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, मग सभा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाची.

गोटुलाची गोष्ट इथे फार बोलकी आहे. मेंढ्याने गोटुल पुन्हा उभारायचं ठरवलं आणि जंगलातलं लाकूड आणलं. वनखात्याने ते बेकायदा ठरवून पाडलं. त्यावर भोवतालच्या गावांनी माफी मागण्याऐवजी आपापली गोटुलं उभी केली. लाकूड कोणाच्या जंगलातलं, हा प्रश्न त्या खांबांनी थेट विचारला होता. उत्तर यायला दोन दशकं लागली. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली मेंढ्याला 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबूच्या पैशांतून गावाने स्वतःच्या जंगलाची राखण चालवली. 2013 साली तर गावकऱ्यांनी आपल्या खाजगी शेतजमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. विनोबांच्या काळात कागदावर उरलेला कायदा एका गोंड गावाने अर्ध्या शतकाने वापरात आणला.

आज गडचिरोली जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात, व्यापाऱ्याशी स्वतः करार करतात, पैसे सभासदांच्या खात्यात जमा करतात. सगळीकडे मेंढ्याइतकं नेटकं चालतं असं नाही. कुठे व्यापारी पैसे थकवतो, कुठे चार माणसांच्या हाती कारभार जातो. पण ज्या माडियांच्या आजोबांनी मिठाच्या बदल्यात चारोळी मोजून दिली, त्यांचे नातू आता दर ठरवायला बसतात.

धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली आणि नाव दिलं 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल'. मुलं तिथे गोंडीतून शिकतात, सोबत मराठी आणि इंग्रजीही. शिक्षण खात्याने मान्यता नसल्याची नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. सुमारे तीस लाख लोक बोलतात ती गोंडी घटनेच्या आठव्या परिशिष्टात अजून नाही. या भाषेसाठी नागपुरात मोतीरावण कंगाली यांनी आयुष्य वेचलं. रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता त्यांनी गोंडीचं व्याकरण आणि शब्दकोशाचं काम केलं आणि गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगड यात्रेला नवी जाग आणली. 2015 साली ते गेले. मुलाला पहिल्या दिवशी परक्या भाषेत 'बस' म्हणण्यापेक्षा घरच्या भाषेत 'ये' म्हणणारी शाळा बेकायदा ठरत असेल, तर कायद्याकडे पुन्हा पाहायला हवं.

मुलूख झपाट्याने बदलतो आहे. 1980 च्या सुमारास आंध्रमधून आलेल्या नक्षल दलमांनी आणि त्यांच्याविरुद्धच्या मोहिमांनी चार दशकं या गावांना दोन बंदुकांच्या मध्ये ठेवलं. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. एटापल्लीच्या सुरजागड डोंगरात लोहखनिजाची खाण जोरात चालू आहे. त्याच डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत सुरजागड इलाख्यातल्या सत्तर गावांची यात्रा भरते. खाणीमुळे हाताला पगार आला, रस्ते आले, आणि ट्रकांची रांगही आली. ओडिशा-छत्तीसगडकडून 2021 साली रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात शिरला, तोही आता धानाच्या बांध्यांमध्ये नेमाने दिसतो. लालसू नोगोटी हे माडियांमधले पहिले वकील. ते जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि वनहक्कांच्या कामात आहेत. खाण हवी की नको, किती हवी, कोणाच्या परवानगीने हवी, हे प्रश्न आता गोटुलात माडिया भाषेत आणि कायद्याची कलमं समोर ठेवून चर्चेला येतात. निर्णय त्यांच्याच हाती राहावा, यासाठी शहरातल्यांचा पाठिंबा हवा.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. मोह पाहायचा असेल तर मार्चअखेर ते एप्रिल. हेमलकशाला मुक्काम करायचा तर आधी कळवावं. गावात शिरताना आधी गोटुलाकडे जाऊन, जे भेटतील त्यांना जोहार घालून आल्याचं सांगावं. न विचारता बायकांचे, कुर्माघराचे किंवा मृतांच्या दगडांचे फोटो काढू नयेत. मोहफुलं, चारोळी, मध घ्यायचा तर ग्रामसभेकडून किंवा आठवडी बाजारात थेट वेचणाऱ्या बाईकडून घ्यावा आणि तिने सांगितलेला भाव द्यावा. आणि निघण्यापूर्वी एखादी सकाळ काढून जुनापाणीला जाऊन यावं; नागपूरहून तिथे पोचायला अर्धा तास लागतो.